फुकटचा पास

आमच्या विस्कॉन्सिनच्या खोऱ्यातून १८७३ साली विधानसभेवर गेलेला पहिला शेतकरी म्हणजे टोर्गाइर लुंडे. रेल्वे कंपनीने सगळ्या आमदारांना फुकट पास वाटले, तरी हा राजधानी मॅडिसनहून तीन दिवस चिखल तुडवत घरी आला.

"अहो, गाडी चुकली का?" त्याच्या बायकोने, रागनहिल्डने विचारलं.

"पास परत केला. आपली कुरणं कंपनीला द्यायची का, यावर सोमवारी मतदान आहे. त्यांच्या डब्यात बसलो, तर हात कुणासाठी वर करू?"

"मग परत चालतच जाणार? असे फोड आलेल्या पायांनी?"

"जाईन की."

तिने त्याचे पाय गरम पाण्यात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी ही गोष्ट गावभर केली.

गुरुवारी टोर्गाइर निघाला, तर दारात शेजारचा येन्स घोडागाडी जुंपून बसलेला.

"बस, आमदार. मी नदीपर्यंत सोडतो. पलीकडे दुसरी गाडी उभी आहे, तिच्यापुढे तिसरी. थेट मॅडिसनपर्यंत सोय झालीय."

टोर्गाइर गाडीत चढून बसला. गाडी हलल्यावर येन्स म्हणाला, "खरं सांगू? मत मी दुसऱ्यालाच दिलं होतं. पण आमदार आता माझाच."