अठ्ठावीस

पाऱ्यानं चाळिशी ओलांडली की काम बंद, असा नियम बांधकामावर आला. त्यासाठी नवा थर्मामीटरही आला. गवंड्याची लेक हरखली. शाळेत तिला तो नुकताच वाचायला शिकवला होता. "बाबा, पारा डोळ्यांच्या रेषेत धरून वाचायचा हं. नाहीतर चुकतो."

दुपारी विटा हाताला चटके देऊ लागल्या, तसा गवंडी कामावरच्या साहेबांच्या गार खोलीच्या दारात गेला.

"साहेब, पारा किती झाला?"

साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. "अठ्ठावीस. लाग कामाला."

"साहेब, तो बाहेर टांगला तर?"

"शहाणाच आहेस! कोरा करकरीत आहे, उन्हानं खराब होईल."

शुक्रवारी भरदुपारी गवंडी परांचीवरच कोसळला. पुन्हा उठला नाही.

सोमवारी ऊन डोक्यावर असताना चौकशीचे अधिकारी आले. मुलगी तेव्हा आईबरोबर बाबांचा डबा न्यायला आली होती. साहेबांनी तिला प्रेमानं आत बोलावलं. "बाळा, वाचता येतं ना तुला? सांग बरं किती आहे."

मुलगी स्टुलावर चढली. पारा डोळ्यांच्या रेषेत आणून तिनं नीट वाचलं, "अठ्ठावीस."

"बघा," साहेब अधिकाऱ्यांना म्हणाले, "त्याचीच पोरगी आहे. ती कशाला खोटं बोलेल?"