बाटलीच्या नावावर

"नाव काय टाकू?" तिने विचारलं.

"बाटली टाक," मास्तर म्हणाले. "सकाळी मशीन तपासायला पाण्याची बाटली ठेवतेस ना आत? तीच परत ठेवली म्हण."

"बाटलीला कंबर नसते, मास्तर."

"मलाही राहिलेली नाही. चल, साहेब जेवून यायच्या आत आटप."

एमआरआयच्या टेबलावर चढताना त्यांनी एक पाय हाताने उचलून वर ठेवला, सामान ठेवावं तसा. वरच्या मजल्यावर, जिथे डॉक्टर मांडीतून तार घालून हृदयापर्यंत नेतात, त्या एक्स-रेच्या खोलीचे ते मुख्य टेक्निशियन. अंगावर शिशाचा एप्रन घालून तासन्‌तास उभं राहायचं. किरणं लागू नयेत म्हणून शिसं. शिशाने पाठ मोडली तर त्यावर हॉस्पिटलकडे उत्तर नाही, आणि कुणी विचारतही नाही.

ती इथे तळघरात, एमआरआयवर. वरची परीक्षा पहिल्या नंबराने पास होऊनही तळघरातच "हलू नका, हलू नका" म्हणत बसलेली. पुढची जागा एकच आणि तिच्यावर मास्तर. शिका आणि वर जा, असं कॉलेजवाले सांगतात. वरचा पडल्याशिवाय जागा होत नाही, हे कुणी सांगत नाही. विभागाचे मोठे डॉक्टर, म्हणजे साहेब, कालच तिला दात कोरत म्हणाले होते, "तयारीत राहा. मास्तर आता फार ओढत नाहीत." बैलाबद्दल बोलावं तसं.

ती काचेमागे बसली. मशीन ठोकायला लागलं. मधे जरा शांतता झाली की मास्तरांचा आवाज यायचा. "घाई करू नकोस. खालचे दोन मणके नीट घे."

"बाटल्या बोलत नाहीत," ती माइकवर म्हणाली. "आणि हलत तर अजिबात नाहीत."

चित्रं आली. तिने पाहिली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. पेशंटने विचारलं की ती म्हणते, डॉक्टर सांगतील. मास्तरांना ती तसं कसं सांगणार? हे वाचायला तिला त्यांनीच शिकवलं होतं.

ते येऊन तिच्या खुर्चीला धरून उभे राहिले. दोन मणक्यांमधली गादी बाहेर सरकून नसेवर बसली होती.

"गेली की," ते म्हणाले. बस चुकल्यासारखे.

"उद्यापासून एप्रन बंद."

"मग काय करू? घरी भाजी निवडू?"

"ऑपरेशन करा. नाहीतर पाय जाईल, मास्तर."

"ऑपरेशन म्हणजे सगळ्यांना कळलं. कळलं की मी फायलींच्या खोलीत आणि माझ्या जागी तू." ते पडद्याकडेच बघत होते. "पुस ते."

"मला जागा हवी म्हणून नाही बोलत मी."

"हवीय तर. नको असती तर तुला शिकवलं कशाला असतं? पण अशी नको घेऊस. जन्मभर ऐकशील, पोरगी मास्तरांच्या पाठीवर पाय देऊन वर चढली म्हणून."

तिने पुसायचं बटण दाबलं. नक्की पुसायचं का, असं मशीनने विचारलं. मशीन तेवढं तरी विचारतं.

"झालं?"

"पुसतेय. तुम्ही जा."

वरून दोनदा फोन येऊन गेला होता. तिथे दुपारचा पेशंट टेबलावर घेतला होता. मास्तरांनी चपला चढवल्या, शर्ट खोचला आणि ताठ चालत बाहेर पडले. पोरीसमोर ते कधीच वाकून चालले नव्हते.

ती पडद्याकडे बघत राहिली. प्रश्न तसाच होता. मग उठून दारापर्यंत आली. उंबऱ्याजवळ एक चप्पल पडलेली होती. मास्तर घाईत लिफ्टपाशी पोचले होते, एक पाय अनवाणीच फरशीवर.

"मास्तर," तिने हाक मारली. "चप्पल राहिली."

ते थांबले. कुठल्या पायातली, हे कळायला त्यांना खाली बघावं लागलं.