मातीतला निकाल

बाहेर जीप घुरघुरत होती आणि आत तालमीत मुमताजनं रेवतीची मान काखेत आवळली होती.

रेवती टायफॉइडमधून नुकती उठलेली, तरी तिला मैत्रिणींबरोबर जत्रेच्या कुस्त्यांना जायचंच होतं. मुमताज तिला जाऊ देईना, आणि तालमीतला वाद मातीतच मिटायचा. वस्ताद म्हणाले, "मुमताजला पाड, मग खुशाल जीपमध्ये बस."

"काडी झालीय तुझी, ऐक माझं!" मुमताज ओरडली.

"काडीच पेट घेते!" रेवतीनं कोपर हाणलं. मुमताजचा ओठ फुटला. चिडून तिनं रेवतीला उचलून आपटलं. रेवती उठली, मुमताजनं पुन्हा आपटलं. तोंडात माती, नाकातून रक्त, तरी रेवतीनं रडत रडत तिला टांग मारली. मुमताज धाडकन पाठीवर पडली.

पोरींनी एकच गिल्ला केला. "बस जीपमध्ये!"

रेवती हलली नाही. असल्या लेच्यापेच्या टांगेला मुमताज आजवर कधी पडली नव्हती.

"मुद्दाम पडलीस?"

"रडत होतीस की गं."

रेवतीनं तिच्या थोबाडीत मारली, दंडाला धरून तिला फरफटत बाहेर नेलं, जीपमध्ये ढकललं आणि "हरले मी, तूच जा!" म्हणत बाहेरून दार लावलं.