आवाज कसा येतोय

नवा प्रीअँप्लिफायर बसवल्यापासून डोंगरावरच्या रिपीटरला, म्हणजे दुरून आलेलं बोलणं पकडून पुढे पाठवणाऱ्या यंत्राला, फार क्षीण रेडिओलहरीही ऐकू यायच्या, कित्येक वर्षांपूर्वी निघून आकाशात भटकत राहिलेल्यासुद्धा. त्या गर्दीत आजची बोलणी बुडत, म्हणून हौशी रेडिओवाल्यांच्या हॅम क्लबची तहमिना फिल्टर लावायला आली होती.

"मोरेश्वरकाका, हा लावला की जुनं काही येणार नाही."

"कुमुदचं तेवढं होऊ दे."

त्यांची बायको कुमुद जाऊन चार वर्षं झाली होती. ती होती तेव्हा तिच्या छोट्या रेडिओ सेटचा आवाज या रिपीटरपर्यंत कधी पोचलाच नव्हता. ऊन कललं, तशी खरखर निवळली आणि कुमुदचा आवाज आला.

"कुणी ऐकतंय का? माझा आवाज कसा येतोय?"

"जुन्यांना उत्तर देऊ नका, काका. पोचत नाही."

"तिचंही पोचत नव्हतं. तरी रोज विचारायची." त्यांनी माइक उचलला. "कुमुद, आवाज स्वच्छ येतोय. मागची कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येतेय."

बोलून झाल्यावर समोरच्यासाठी थांबायची रीत असते, तेवढे ते थांबले. मग फिल्टर त्यांनीच तहमिनाच्या हातात दिला.