लोखंडी टोप

“हो टोप माका पयल्यासारखो करून होयो.” पार्वतीनं गोणपाटातून शिपायाचं जुनं हेल्मेट काढून हरिश्चंद्रापुढं ठेवलं. ती आरोंद्याहून पहिल्या एसटीनं मालवणात आली होती.

हरिश्चंद्र लष्कराच्या दुरुस्तीखान्यातून हवालदार होऊन परतलेला. आता बाजारात छत्र्या, स्टोव्ह, ट्रंका दुरुस्त करी. त्यानं हेल्मेट उलटून पाहिलं. पत्रा गंजलेला, आतलं कातडं कुजलेलं, हनुवटीचा पट्टा अर्धाच. असली घडण त्याच्या हाताखालून कधी गेली नव्हती.

“मावशी, हेचे भाग आता खंय गावतले? तसोच ऱ्हवांदे.”

“तुमी नवे करा. पण तसलेच.”

“कोणाचो?”

पार्वतीनं गोणपाटाची घडी घातली. “माझो झील गोळयेन गेलो, हवालदारानू.”

हरिश्चंद्रानं तिच्या मुलाबद्दल पुढं विचारलं नाही. मालकाविना परत आलेली हेल्मेटं त्यानं फौजेत पुष्कळ हाताळली होती.

“आयतवाराच्या आदी होयो. मगे उपेग नाय,” ती म्हणाली. श्राद्ध असेल, असं त्याला वाटलं.

त्यानं बाकीची कामं बाजूला सारली. गंज खरवडून रंग दिला, तर दुसऱ्या दिवशी रंगाला फोड आले. खाऱ्या पाण्यानं पत्रा आतपर्यंत खाल्ला होता. त्यानं सगळा रंग काढला, पत्रा गोड्या पाण्यात भिजत घातला आणि पुन्हा सुरुवात केली. कुजक्या कातड्याचे तुकडे कागदावर जुळवून त्यानं माप घेतलं. नवं कातडं चांगलं हवं होतं. फौजेतून आणलेली स्वतःची पिशवी त्यानं कापली. पट्ट्याचं बक्कल पितळेच्या पत्र्यातून कानशीनं घासून काढलं.

पार्वती मध्येच येऊन गेली. पट्टा ओढून म्हणाली, “टाको कच्चो आसा.”

त्यानं शिवण उसवली.

शनिवारी हेल्मेट तयार झालं. पार्वतीनं ते मांडीवर घेतलं आणि आतल्या कातड्यावरून हात फिरवत बसली.  हरिश्चंद्रानं टोचा उचलला.

“पट्ट्यार झिलाचा नाव घालतंय.”

“नको. नाव माका ठावक नाय.”

हरिश्चंद्रानं टोचा खाली ठेवला.

“माझो झील सत्याग्रहाक झेंडो घेवन गोव्याक गेल्लो. हातात काठीसुद्धा नाय. पलीकडच्या शिपायान गोळी घातल्यान. झील खाडयेत पडलो, तसो तेनीच बंदूक टाकून तेका काढूक उडी मारल्यान. दोघय बुडाले. शिपायाचो हो टोप आमच्या जाळ्यात गावलो.”

तिनं हेल्मेट नव्या पंच्यात बांधलं.

“गोवा सुटलो तेवा पकडलेले पोर्तुगीज शिपाय आता आयतवारी घराक चललेत. हो कोणाचो ता तेंका ठावक आसतला. तेंच्या हातान हेच्या आयशीक धाडतंय.”