सकाळचं गिऱ्हाईक

लोकांना वेबसाइट बनवून देता देता तो सल्लागार झाला, पण त्याच्या स्वतःच्या साइटवर चिटपाखरूही फिरकेना. फक्त रोज सकाळी कुणीतरी यायचं, ‘संपर्क’ पानावर बराच वेळ थांबायचं आणि निघून जायचं. बुजरं गिऱ्हाईक असेल, म्हणून त्याने ‘पाठवा’चं बटण मोठं केलं, मग लालभडक केलं, तरी निरोप येईना. मग बाबा गेले. आठवड्याने बहिणीने बाबांचा फोन त्याच्या हातात ठेवला. “तूच बघ, मला यातलं काही कळत नाही.” फोनवर त्याचंच ‘संपर्क’ पान उघडं होतं. चौकटीत लिहिलं होतं, “पोरा, फोन उचलत नाहीस, कामात असशील. रोज इथे लिहितोय. मिळतं ना?” गिऱ्हाइकांना त्याचा पहिला सल्ला ठरलेला: बटण बसवलं की आधी स्वतः दाबून बघा. स्वतःचं बटण त्याने आज पहिल्यांदा दाबलं. काहीच झालं नाही.