चार वर्षांची ओळख

“नागप्पा कोण?” मडिवाळप्पा हवालदारानं तिसऱ्यांदा विचारलं.

पाझर तलावाच्या दुष्काळी कामावरची दीडशे माणसं खोऱ्यावर हात ठेवून उभी राहिली. ऊन असं, की ज्यानं त्यानं टॉवेल कानांवरून हनुवटीखाली घट्ट बांधलेला.

हवालदार कर्नाटकातला, वॉरंट तिकडचं, आणि आरोपी तिकडचे दोन बैल चोरून इकडं आलेला. हद्द सिद्धराम जमादाराची, म्हणून तो सोबतीला. उस्मानाबादेतून फुटलेल्या लातूर जिल्ह्याला वर्ष व्हायचं होतं. सिद्धरामच्या सीमेवरच्या चौकीला अजून नव्या नावाची पाटी आली नव्हती. दुष्काळ तेवढा वेळेवर आला होता.

सिद्धरामचं लक्ष बैलांत नव्हतं. त्याच्या डोक्यात मारोती होता. कंधारचा मारोती, उदगीरच्या जनावरांच्या बाजारात दोघांना कुऱ्हाडीनं तोडून चार वर्षं फरार. जिल्ह्याची वाटणी झाली आणि ते प्रकरण एकट्या सिद्धरामच्या पदरात पडलं. फौजदारांनी सुनावलं होतं, “पावसाळ्याच्या आत मारोती, नाहीतर फिती काढून ठेवा.” निवृत्तीला आठ महिने राहिलेले. तीस वर्षं नोकरी करून शेवटी शिपाई म्हणून घरी जायचं, या विचारानं त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

“तुमचा मारोती आमच्याकडंच असंल,” मडिवाळप्पा येताना वाटेत म्हणाला होता. “तुमची निम्मी माणसं आमच्या उसात हायत. दिसतो कसा?”

“फोटो उस्मानाबादला हाय.”

“तिकडं कशाला?”

“कपाटं वाटून झाली. गठ्ठे वाटायचे राहिले.”

मडिवाळप्पा पोट धरून हसला. “मग काय सिद्धरामण्णा, नाव घेऊन बोंबलत फिरू?”

“तुम्ही तरी नागप्पासाठी दुसरं काय करायलाव?”

“ते बी खरंच. ही माझी तिसरी खेप. आज नागप्पा द्या, मी तुमच्या मारोतीसाठी हद्द चाळून काढतो. शब्द हाय.”

आता चौथी हाक द्यायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात मागच्या रांगेतून एक उंच, वाळका माणूस पुढं आला.

“मीच नागप्पा.”

मुकादमानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

चौकीकडं चालताना मडिवाळप्पा त्याच्याशी कन्नडात बोलत होता. तो मराठीत ‘हाव साहेब, हाव साहेब’ करत होता. मडिवाळप्पानं ते मनावर घेतलं नाही. सिद्धरामनं मात्र ध्यानात ठेवलं.

“हा नागप्पाच, एवढं तुमच्या सहीनं लिहून द्या,” असं सांगून मडिवाळप्पा बस बघायला रस्त्यावर गेला. सिद्धरामनं माणसाला चौकीमागच्या सावलीत नेलं.

“खरं बोल. तू नागप्पा न्हाईस.”

माणसानं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली.

“न्हाई, साहेब. नागप्पा माझ्या मागंच हुभा हुता. त्याची बायको नीलम्मा, नऊ दिवसाची बाळंतीण हाय. ह्यो गेला की त्या दोघांकडं कोण बघतंय? माझ्यामागं कुणीच न्हाई. आन् तिकडं दोन टाईम खायला घालतेत म्हणं.”

कामाच्या कडेची ती पोत्यांची खोप आणि बाळाला पदराखाली घेऊन बसलेली बाई सिद्धरामनं सकाळीच पाहिली होती. त्यानं मनातल्या मनात मांडणी केली. बाळंतिणीला नवरा राहतो. उपाशी माणसाला जेवण मिळतं. मडिवाळप्पाला आरोपी मिळतो, आणि आपल्याला मडिवाळप्पा. ज्यात कुणाचंच काही जात नाही, असा व्यवहार त्यानं सगळ्या नोकरीत पाहिला नव्हता.

त्यानं डब्यातली अर्धी भाकरी मोडून त्याच्या हातावर ठेवली.

“टॉवेल सोड की. सावलीत हाईस.”

“कान ठणकतोय, साहेब,” म्हणत माणसानं तसाच घास मोडला.

सिद्धरामनं कागद ओढला. ‘सदर इसम नागप्पा हाच असून मी त्यास,’ इथवर लिहून तो थांबला. किती वर्षं लिहावीत? जो आकडा दिवसरात्र डोक्यात घोळत होता, तोच हातातून उतरला. ‘चार वर्षांपासून ओळखतो.’ खाली सही ठोकली, वर जुन्याच जिल्ह्याचा शिक्का मारला.

बसमध्ये चढण्याआधी माणूस त्याच्या पाया पडला. “जमादारसाहेब, हे उपकार जन्मात विसरायचा न्हाई.”

त्या दिवशी सिद्धराम पोटभर जेवला.

मडिवाळप्पा शब्दाला जागला. विसाव्या दिवशी त्याचं पत्र आलं. मोडक्या मराठीत लिहिलं होतं:

‘ऊसतोडीच्या टोळ्या, दगडखाणी, धर्मशाळा, सगळं बघितलं. तुमचा मारोती आमच्या हद्दीत नाही. नागप्पा फार गुणी निघाला. जमादाराची चार वर्षांची ओळख बघून कोर्टानं त्याला जामिनावर सोडलं. गेला कुठं ते कळलं नाही. जाताना तुम्हाला नमस्कार सांगितला.’

सिद्धरामनं पत्राची घडी घातली. फिती गेल्याच म्हणायच्या. पण त्यातही त्याला त्या माणसाचं वाईट वाटलं. भाकरीसाठी कोठडीत गेलेला बिचारा पुन्हा उपाशी हिंडत असणार.

तेवढ्यात फौजदारांचं बोलावणं आलं. टेबलावर लाल फडक्यात बांधलेला, धुळीनं माखलेला गठ्ठा होता.

“आला एकदाचा उस्मानाबादहून,” फौजदार गाठ सोडत म्हणाले. “आता सबब सांगायची नाही, जमादार. हा घ्या तुमचा मारोती. नीट बघून ठेवा, समोर आला तर ओळखता यायला पाहिजे.”

सिद्धरामनं फोटो उजेडात धरला. फोटोतल्या माणसानं टॉवेल बांधला नव्हता, एवढाच काय तो फरक.